फोनमधलं अघोषित भारनियमन

पत्र असं आहे :

‘सादर नमस्कार. मी पाचगणीला राहते. ३१ वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. मुलगा म्युनिकला असतो. साडेतीन वर्षांपूर्वी त्याने तिकडून आणलेला फोन मी वापरते. गेल्या डिसेंबरात सकाळी टेबललँडवर फिरायला गेले असताना फोन एकाएकी बंद पडला. त्याआधी बॅटरी २८ टक्के दाखवत होती. घरी येऊन चार्जरला लावला, तर सुरू होताच पुन्हा २७ टक्के! तेव्हापासून तो बंद पडत नाही, पण फार मंद झालाय. भाजीवाल्याला पैसे द्यायला कॅमेरा उघडते, तर तो उघडेपर्यंत मागची माणसं कुरकुरायला लागतात. पुतण्या म्हणतो, “काकू, कंपन्याच मुद्दाम जुने फोन स्लो करतात, माणसानं नवा घ्यावा म्हणून. अपडेट करायचंच नाही.” मुलगा म्हणतो, “आई, टाकून दे, दिवाळीला येताना नवा आणतो.” वाईच्या बाजारातला मोबाइल दुरुस्तीवाला म्हणतो, “बॅटरी बदला, नऊशे रुपये.” पुतण्याचं खरं असेल, तर नवा फोन घेऊन त्या कंपनीला बक्षीस का द्यायचं? खोटं असेल, तर माझा फोन मंद का झाला?
– एक निवृत्त शिक्षिका’

बाई (शिक्षिकेला दुसरं काही म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही),

तुमच्या पुतण्याची रीत चुकली आहे, पण उत्तराचा पहिला आकडा बरोबर आलाय. अशा वेळी तुम्ही किती गुण देत होता, ते तुम्ही ठरवा. जुने फोन मंद केले गेले हे खरं आहे. एका मोठ्या कंपनीने ते कबूल केलं, माफी मागितली, दंडही भरला. कशासाठी केले, इथे मात्र पुतण्याची गाडी घसरते.

तुमचा फोन कोणत्या कंपनीचा ते तुम्ही लिहिलं होतं. मी ते मुद्दाम गाळलं आहे, कारण हेच पत्र वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन वापरणारे बरेच जण पाठवतात आणि उत्तर थोडं थोडं बदलतं. म्हणून आयफोन आणि बाकीचे फोन, दोन्हीकडचं सांगतो.

आधी तुमचे ते २८ टक्के. पत्रातली सगळ्यात मोलाची नोंद तीच आहे. फोन खोटं बोलत नव्हता. बॅटरीत तेवढा साठा खरोखरच शिल्लक होता, फक्त तो हवा तेव्हा हवा तितक्या वेगाने बाहेर येत नव्हता.

बॅटरी जुनी झाली की साठा कमी होतो, सकाळी भरलेली दुपारी संपते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरा बदल सहसा कोणी सांगत नाही : तिचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून करंट वाहताना होणारा अडथळा, वाढतो. लिथियम-आयन बॅटरीच्या आत, ऋण टोकावर, एक पातळ थर असतो. वापराबरोबर आणि वयाबरोबर तो जाड होत जातो. थोडं लिथियम त्यात अडकून कायमचं वाया जातं आणि उरलेल्याची वाट अवघड होते. रोध वाढलेल्या बॅटरीकडून एकदम जास्त करंट मागितला की तिचं व्होल्टेज खाली बसतं. पूर्वी गावात पिठाची गिरणी सुरू झाली की घरातला दिवा पिवळा पडायचा, आठवतंय? तेच. फोनमध्ये कॅमेरा उघडणं, नकाशा लावणं, एखादं जड ॲप सुरू करणं म्हणजे ती गिरणी. त्या क्षणी व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं, तर फोन आतल्या भागांना इजा होऊ नये म्हणून स्वतःच बंद होतो.

आणि हे सगळं थंडीत वाढतं. गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, रोध आणखी चढतो. टेबललँडवरच्या डिसेंबरातल्या सकाळी बंद पडलेला फोन उबदार घरात सुरू झाला आणि जवळजवळ तेवढेच टक्के दाखवू लागला, यात गूढ काही नाही. हाच फोन तुम्ही वाईत वापरत असता, तर कदाचित अजून वर्षभर तो बंद पडला नसता.

आता पुतण्याने ऐकलेली गोष्ट. ती ॲपलची आहे.

२०१६ मध्ये आयफोन ६एस वापरणाऱ्या काही लोकांचे फोन नेमके तुमच्यासारखे, चार्जिंग शिल्लक असताना, पटकन बंद पडू लागले. नोव्हेंबरात कंपनीने काही ठरावीक काळात बनलेल्या ६एसच्या बॅटऱ्या फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. पण तक्रारी तेवढ्यांपुरत्या नव्हत्या. मग जानेवारी २०१७ मध्ये आयओएसचं (आयफोन चालवणारी मूळ प्रणाली) १०.२.१ हे अपडेट आलं. महिनाभराने कंपनीने सांगितलं, की या अपडेटमुळे ६एसचं अचानक बंद पडणं ८० टक्क्यांनी कमी झालंय. कसं कमी झालं, ते सांगितलं नाही.

झालं होतं असं, की अपडेट बॅटरीची अवस्था बघायचं आणि ती थकलेली दिसली तर प्रोसेसरच्या, म्हणजे फोनच्या मेंदूच्या, कमाल वेगाला लगाम घालायचं. गिरणी एकदम सुरूच होऊ द्यायची नाही, म्हणजे दिवा विझणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आयओएस ११.२ बरोबर हाच लगाम आयफोन ७ लाही लागला.

हे उघडकीला आलं, तो भाग तुम्हाला आवडेल. त्याच डिसेंबरात एका ६एसवाल्याने बॅटरी बदलली, तर फोन एकदम चपळ झाला. त्याने बदलण्याआधीचे आणि नंतरचे वेगाचे आकडे जाहीर केले. बॅटरी बदलून वेग वाढतो? लोक चक्रावले. फोनच्या वेगाची चाचणी घेणारं ‘गीकबेंच’ नावाचं ॲप आहे. ते बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जचे जॉन पूल यांच्याकडे जगभरातल्या फोनच्या चाचण्यांचे गुण साठलेले होते. त्यांनी त्यांचे आलेख काढले. एकाच मॉडेलचे फोन, तीच चाचणी. म्हणजे सगळ्यांचे गुण एका आकड्याच्या आसपास यायला हवेत, आलेखाला एकच टेकडी हवी. १०.२.१ च्या आधीच्या आलेखात तशी एकच टेकडी होती. त्यानंतरच्या आलेखांत मोठ्या टेकडीच्या अलीकडे, कमी गुणांच्या बाजूला, छोट्या छोट्या वेगळ्या टेकड्या उगवल्या होत्या. बाई, तुमच्यासमोर एका वर्गाचे असे गुण आले असते तर तुम्ही काय म्हटलं असतं? मुलं आपोआप अशी गटागटांत मागे पडत नाहीत. कोणीतरी त्यांना गटांत बसवलं आहे. पूल यांनीही तेच म्हटलं. आलेख १८ डिसेंबरला प्रसिद्ध झाले. दोन दिवसांत कंपनीने कबुली दिली आणि २८ डिसेंबरला जाहीर माफी मागितली.

त्यावर माझं मत सांगतो. मंद करण्यामागचं तांत्रिक कारण मला पटतं. गर्दीच्या रस्त्यावर फोन अचानक मिटण्यापेक्षा तो सावकाश चाललेला बरा. अडचणीच्या वेळी एक फोन लावता तरी येतो. आपण महाराष्ट्रातले लोक ही कल्पना चांगली ओळखतो. वीज कमी, मागणी जास्त. सगळी यंत्रणाच कोसळू नये म्हणून थोड्या थोड्या भागाची वीज आळीपाळीने बंद ठेवायची. भारनियमनावर आपण वैतागलो, पण त्याचं वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं. त्यावर दळण, पाणी, मुलांचे अभ्यास बसवता यायचे. खरा संताप व्हायचा तो ‘अघोषित भारनियमना’चा. कंपनीने केलं ते हे. तुमच्या हातातल्या वस्तूत, तुम्हाला न सांगता, आणि उपाय असताना. उपाय काय, तर एक नवी बॅटरी. ते ठाऊक नसल्यामुळे किती लोकांनी ‘फोन म्हातारा झाला’ म्हणून नवा विकत घेतला असेल, त्याचा हिशेब कुठेच नाही.

अंदाज मात्र बांधता येतो. माफीनंतर कंपनीने बॅटरी बदलायचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणला, तोही २०१८ चं पूर्ण वर्ष. भारतातही दर उतरले. लोकांनी रांगा लावून बॅटऱ्या बदलल्या. आणि २ जानेवारी २०१९ ला कंपनीचे प्रमुख या नात्याने टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून कळवलं, की या तिमाहीची विक्री आधी सांगितल्यापेक्षा कमी भरेल. मुख्य कारण चीनमधली मंदी सांगितली होती, पण लोक अपेक्षेइतके नवे आयफोन घेत नाहीत याच्या कारणांमध्ये स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख होता. तेव्हा ‘नवा घ्यावा म्हणूनच मंद केले’ हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही आणि मीही तसं म्हणणार नाही. पण माहिती मिळाल्यावर लोक नवा घेत नाहीत, हे खुद्द कंपनीच्या पत्रातच आहे.

शिक्षाही झाल्या त्या मुख्यतः न सांगण्याच्या. फ्रान्सच्या ग्राहक खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये २.५ कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांपासून माहिती लपवल्याबद्दल. शिवाय कंपनीच्या फ्रेंच संकेतस्थळावर महिनाभर तसं निवेदन झळकवायला लावलं. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, इटलीने ॲपलला एक कोटी युरोंचा दंड ठोकला होता आणि त्याच दिवशी सॅमसंगलाही ५० लाखांचा; गॅलक्सी नोट ४ या जुन्या फोनच्या मालकांच्या गळ्यात न पेलणारं अपडेट मारल्याबद्दल. अमेरिकेत सामूहिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली आणि २०२४ च्या सुरुवातीला दावेदारांच्या हातात माणशी सुमारे ९२ डॉलर पडले. ‘मग आपल्याला काय?’ असं पुतण्या विचारेल. काही नाही. ती रक्कम अमेरिकेतल्या आणि फक्त त्या जुन्या मॉडेलांच्या मालकांसाठी होती.

तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट दंडात नाही. मार्च २०१८ मध्ये आलेल्या आयओएस ११.३ ने बॅटरीची प्रकृती मालकाला दाखवायला सुरुवात केली, ती खरी कमाई. तेव्हापासून आयफोनमध्ये भारनियमन ‘घोषित’ आहे. बॅटरीमुळे फोन एकदा अचानक बंद पडला की लगाम आपोआप लागतो, आणि तसं झाल्याचं सेटिंगमध्ये लिहूनही येतं. तुमचा क्रमही असाच आहे : आधी बंद पडला, मग मंद झाला.

म्हणून आज पहिलं काम. आयफोन असेल तर सेटिंग्ज, मग बॅटरी, मग ‘बॅटरी हेल्थ’. तिथे ‘मॅक्सिमम कपॅसिटी’समोर एक टक्केवारी दिसेल. नव्या बॅटरीचे १०० धरले तर आता किती उरले, तो हा आकडा. ८० च्या खाली असेल तर तुमचं निदान झालं. आयफोन १४ पर्यंतच्या फोनच्या बॅटऱ्या साधारण ५०० आवर्तनांनंतर ८० टक्के उरतील अशा बेताने बनवल्या आहेत. आवर्तन म्हणजे चार्जर लावण्याची वेळ नव्हे. आज ५० टक्के वापरले आणि उद्या ५०, की एक आवर्तन. साडेतीन वर्षांत तुमची किती झाली असतील, ते तुम्ही माझ्यापेक्षा लवकर काढाल. त्याच पानावर लगाम काढून टाकायची सोयही असते. ती वापरू नका. फोन पुन्हा चपळ होईल आणि पुढच्या गारठ्यात भाजीवाल्यासमोर पैसे अर्धवट असताना मिटेल.

फोन दुसऱ्या कंपनीचा असेल तर गोष्ट जरा वेगळी. डिसेंबर २०१७ मध्येच सॅमसंग, एलजी, मोटोरोला आणि एचटीसी यांनी सांगितलं होतं, की बॅटरी जुनी झाली म्हणून आम्ही प्रोसेसर मंद करत नाही. अशा फोनमध्ये आधी साठवणुकीची जागा बघा. ती काठोकाठ भरली की चांगला फोनही रखडतो. रागावू नका, पण व्हॉट्सॲपवरची ‘शुभ सकाळ’ची फुलं कधी पुसली होती? मंदपणाचं आणखी एक साधं कारण म्हणजे नवी ॲपं नव्या फोनच्या ताकदीवर बेतलेली असतात. त्यावर नवी बॅटरी हा उपाय नाही. पण शिल्लक असताना बंद पडणं हे लक्षण कोणत्याही कंपनीच्या फोनमध्ये बॅटरीकडेच बोट दाखवतं. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधली तपासणी बॅटरी ठीक आहे की नाही ते सांगते. बाकीच्या बऱ्याच फोनसाठी सेवा केंद्रात विचारावं लागतं.

आणि हे प्रकरण २०१७ सालीच संपलं असं नाही. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पिक्सेल ४ए या फोनला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये पिक्सेल ६ए ला आपोआप बसणारं अपडेट पाठवलं. बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे तिची क्षमताच कमी केली. ६ए मध्ये ४०० आवर्तनं झालेल्या फोनची. फरक एवढाच, की यावेळी आधी सांगितलं आणि बॅटरी फुकट बदलून देण्याचा पर्यायही ठेवला. असा फोन असेल तर ती सोय अजून सुरू आहे का, ते कंपनीच्या मदत पानावर बघावं.

आता तुमचे तिघे सल्लागार.

पुतण्याचं ‘अपडेट करायचंच नाही’ हे अजिबात ऐकू नका. तुम्ही याच फोनवरून पैसे देता. अपडेटमध्ये सुरक्षेची डागडुजी येते. ती थांबवणं म्हणजे घरात उंदीर आला म्हणून दाराचं कुलूप काढून ठेवणं. मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन आतल्या आत आवराआवर करतो, तेव्हा तो मंद आणि गरम वाटतो. तेवढं सोसा.

मुलाला सांगा, नवा आणू नकोस. (माया म्हणून आणणारच असेल तर मी मध्ये पडत नाही.) तो राहतो त्या युरोपीय संघातच २० जून २०२५ पासून नियम आहे, की बाजारात येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० आवर्तनांनंतरही ८० टक्के उरली पाहिजे. त्या देशांत या विषयावर एवढा विचार चाललाय, आणि त्या देशात राहणारा मुलगा आईला फोन टाकून द्यायला सांगतोय!

वाईचा दुरुस्तीवाला निदानात बरोबर आहे. नऊशे रुपयांबद्दल मला शंका आहे. तो माणूस प्रामाणिक असेल, पण त्याच्याकडे येणारी बॅटरी कोणी बनवली, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसतं. मी एकदा माझ्या जुन्या फोनची अशीच स्वस्तात बदलून घेतली होती. आठ महिन्यांत ती फुगली आणि पडदा एका बाजूने वर आला. नव्या आयफोनमध्ये अनोळखी बॅटरी बसवली तर सेटिंगमध्ये तसा इशाराही दिसतो. पुण्याला जाणं होईल तेव्हा अधिकृत सेवा केंद्रात जा. जाण्याआधी फोन करून मॉडेल नंबर सांगा आणि दोन गोष्टी विचारा : परदेशात घेतलेल्या या फोनची बॅटरी मिळते का, आणि करासकट किती पडेल. नव्या फोनच्या मानाने तो खर्च किरकोळ निघेल. जाण्याआधी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका. बॅटरी बदलायला तो लागत नाही. तपासणीसाठी मागितलाच, तर समोर उभं राहून स्वतः टाका. दुरुस्तीची पावती घ्या. जुनी बॅटरी तिथेच ठेवून या. ती घंटागाडीत टाकलीत आणि कुठे चेपली-भोसकली गेली, तर पेट घेऊ शकते.

सेवा केंद्राने ‘आता नवाच घ्या’ असं ऐकवलं, तर ते लेखी मागा. बहुतेकदा लेखी म्हटलं की बॅटरी सापडते. नाहीच सापडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. साडेतीन वर्षांची बॅटरी थकली, हा मात्र दोष धरला जाणार नाही, त्या मुद्द्यावर भांडण्यात दम घालवू नका.

राहिला तुमचा बक्षिसाचा प्रश्न. बॅटरीचे पैसेही अखेर त्याच कंपनीकडे जाणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण नव्या फोनच्या किमतीपुढे ते म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस. तेवढं देऊन टाकावं.

नवी बॅटरी बसल्यावर तिला उन्हापासून जपा. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका. थंडीत फिरायला जाताना फोन स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. बॅटरी टिकावी म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर काढायला पहाटे उठायची गरज नाही.

आणि तो टक्केवारीचा आकडा किती निघाला ते कळवा. पुतण्याला सांगायच्या आधी मला.